सार्वजनिक भूमीवरील कडे आणि प्रस्तरारोहणाचा अधिकार

दोर, मेखा आणि हातापायांचा आधार यांच्या साहाय्याने उभा खडक चढून जाणे यास प्रस्तरारोहण म्हणतात. महाराष्ट्रात गिर्यारोहणाला संघटित रूप येऊ लागले ते १९५४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘गिरिविहार’सारख्या संस्थांमुळे. सह्याद्रीचे बहुतेक कडे शासकीय भूमीवर असल्याने या छंदाचा शासनाशी संबंध आरंभापासूनच आला. कड्याच्या पायथ्याशी आलेल्या आरोहकाला तेथील पहारेकऱ्याने परत पाठविणे, आज दिलेली अनुमती उद्या नाकारणे, एका संस्थेला मोकळीक आणि दुसरीस बंदी, अशा स्वरूपाच्या तक्रारी या क्षेत्रात नेहमी ऐकू येतात. त्यांचा विचार बहुधा ‘स्वातंत्र्य विरुद्ध निर्बंध’ अशा सरळ विरोधाच्या रूपात केला जातो. परंतु छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील काही स्थळांच्या आधारे पाहिले असता वादाचे मूळ निराळ्या ठिकाणी असल्याचे आढळते. आरोहकास नकार देणारे अनेक कायदे आहेत. मात्र ‘उभा कडा’ या वस्तूचा स्वतंत्र विचार करणारा त्यांत एकही नाही.

सार्वजनिक भूमी म्हणजे काय?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० अन्वये जी भूमी कोणा व्यक्तीच्या मालकीची नाही ती राज्य शासनाची मानली जाते. सामान्य नागरिक अशा भूमीस ‘सरकारी’ म्हणतो आणि ती सर्वांची आहे असे गृहीत धरतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र अशी एकसंध सार्वजनिक भूमी अस्तित्वात नाही. शासनाच्या ताब्यातील प्रत्येक भूभाग कोणत्या तरी प्रयोजनास बांधलेला असतो: स्मारकाचे जतन, वनाचे संवर्धन, वन्य जीवांचे रक्षण किंवा गावाच्या गुरांची चराई. प्रवेशाचा प्रश्न त्या त्या प्रयोजनाच्या अनुरोधाने सुटतो. म्हणून एकाच डोंगररांगेतील दोन कड्यांस दोन भिन्न नियम लागू होणे यात विसंगती नाही. परंतु कोणत्या कड्यास कोणता नियम लागू आहे हे आरोहकास ठाऊक नसते, आणि पुष्कळदा नियम अमलात आणणाऱ्यासही ते स्पष्ट नसते.

या जिल्ह्यात ही गुंतागुंत विशेष आहे. येथील डोंगर दख्खनच्या कृष्णप्रस्तराचे, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांचे बनलेले आहेत. काही थर भक्कम व अखंड, तर काही सच्छिद्र आणि लवकर झिजणारे असतात. दोन थरांच्या मध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. लेणी कोरणाऱ्या प्राचीन कारागिरास न ढासळणारा खडक हवा होता. आरोहकासही तोच हवा असतो. त्यामुळे या परिसरात चढाईयोग्य खडक आणि संरक्षित स्मारक एकमेकांच्या शेजारी असणे हा केवळ योगायोग नव्हे. वेरूळ, अजिंठा, पितळखोरे आणि विद्यापीठाच्या परिसरालगतच्या डोंगरातील औरंगाबाद लेणी ही त्याची उदाहरणे होत.

देवगिरीचा कडा

संरक्षित स्मारकांस प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ लागू होतो. त्याचे कलम १८ लक्षणीय आहे: नियमांच्या अधीन राहून जनतेस प्रत्येक संरक्षित स्मारकापाशी जाण्याचा हक्क असेल, असे ते सांगते. म्हणजे येथे प्रवेश ही अधिकाऱ्याची कृपा नसून विधिमान्य हक्क आहे. तथापि १९५९ च्या नियमावलीतील आठवा नियम स्मारकाच्या कोणत्याही भागास इजा पोहोचविणारी किंवा पोहोचण्याचा संभव असणारी कृती निषिद्ध ठरवितो. आणि अधिनियमाच्या कलम ३० अन्वये स्मारकाची नासधूस करणे, ते धोक्यात आणणे किंवा त्याचा गैरवापर करणे हा अपराध असून २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

या दोन तरतुदींचा संबंध देवगिरीच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. यादव राजा पाचवा भिल्लम याच्याशी, ११८७ या वर्षाशी, ज्याचा आरंभ जोडला जातो तो हा दुर्ग सुमारे २०० मीटर उंचीच्या शंक्वाकृती टेकडीवर उभा आहे. टेकडीचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून उभा केलेला असून त्याच्या पायथ्याशी खडकातच खंदक खोदलेला आहे. वर जाण्याचा मार्ग खंदकावरील पुलाने आणि ‘अंधारी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोगद्यातून जातो. म्हणजे येथील कडा ही केवळ निसर्गाची निर्मिती नाही. शत्रूस तो चढता येऊ नये याच हेतूने मनुष्याने तो घडविला, आणि म्हणून बुरूज व दरवाजे जितके स्मारकाचे भाग आहेत तितकाच तासलेला खडकही आहे. त्यात मेख ठोकणे हे तटाच्या चिऱ्यात खिळा ठोकण्यासारखेच ठरेल. जनतेचा हक्क दुर्गापाशी जाण्याचा व तो पाहण्याचा आहे. त्याच्या अंगाचा क्रीडासाधन म्हणून उपयोग करण्याचा नाही. देवगिरीच्या बाबतीत नकार केवळ कायदेशीर नव्हे, तर युक्तियुक्तही आहे.

परंतु हाच न्याय स्मारकाच्या शेजारील प्रत्येक नैसर्गिक खडकास लावता येईल काय? २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र ‘प्रतिषिद्ध’ आणि त्यापुढील २०० मीटरचे ‘विनियमित’ ठरविले. या तरतुदींचा रोख बांधकाम व खाणकाम यांवर आहे. बोटाएवढ्या जाडीचा बोल्ट खडकात बसविणे म्हणजे बांधकाम होय किंवा नव्हे, याचे उत्तर अधिनियमाच्या शब्दांत मिळत नाही. आणि मेख न ठोकता केवळ हातापायांनी चढणाऱ्याचा तर तेथे विचारच नाही. अशा ठिकाणी जो निर्णय होतो तो कायद्याचा नसून त्या दिवशी कर्तव्यावर असलेल्या अधिकाऱ्याचा असतो.

वन आणि अभयारण्य

राखीव वनांत भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम २६ अतिक्रमी प्रवेशास प्रतिबंध करते. पण त्याच कलमाने वन अधिकाऱ्याच्या लेखी अनुमतीने केलेली कृती या प्रतिबंधातून वगळली आहे. कलम २५ तर याहून बोलके आहे. राखीव वनातील वाट बंद करावयाची झाल्यास राज्य शासनाची पूर्वमंजुरी हवी आणि पुरेशी सोयीची पर्यायी वाट उपलब्ध असली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. ब्रिटिश राजवटीत झालेल्या या कायद्यानेही वाटेचे महत्त्व मान्य केले होते. परंतु ‘वाट’ या शब्दात पायवाट येते. तीस मीटरचा उभा खडक, जरी त्यावरून माणसे वर्षानुवर्षे चढत असली, तरी त्यात येतो असे म्हणणे कठीण आहे.

अभयारण्यात स्थिती अधिक कडक होते. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ ने प्रवेश सर्वसाधारणपणे मर्यादित केला असून कलम २८ ने ज्या प्रयोजनांसाठी परवाना देता येतो त्यांत वन्य जीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन आणि पर्यटन यांचा समावेश केला आहे. आरोहण हे पर्यटनात मोडते असा युक्तिवाद करता येईल. पण याच अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या घरट्यांस व अंड्यांस उपद्रव देणेही येते, आणि उभे कडे हीच गिधाडे व ससाणे यांची घरटी करण्याची जागा असते.

१९८६ मध्ये घोषित झालेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचे असून ते या जिल्ह्याच्या कन्नड भागापासून जळगाव जिल्ह्यापर्यंत पसरले आहे. पितळखोरे लेणी याच अभयारण्याच्या परिसरात आहेत. तेथील एकाच दरीत स्मारकाचा कायदा आणि वन्य जीवांचा कायदा अशा दोन व्यवस्था एकत्र येतात. एका खात्याची अनुमती दुसऱ्यास बांधीत नाही. दोन खात्यांकडे अर्ज करावा लागतो याची कल्पना नसलेला विद्यार्थी एकाचे पत्र घेऊन जातो आणि दुसऱ्याकडून परत पाठविला जातो. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. परंतु परत जाणाऱ्यास तो अन्यायच वाटतो.

गायरान व वहिवाट

उरलेल्या टेकड्यांपैकी काही गायरान असतात. महसूल संहितेच्या कलम २२ अन्वये जिल्हाधिकारी मुक्त चराईसारख्या प्रयोजनांसाठी भूमी राखून ठेवू शकतो आणि त्याच्या मंजुरीवाचून तिचा अन्य उपयोग करता येत नाही. येथे आरोहकाचा सामना खात्याशी नव्हे तर गावाशी होतो. गुराख्याचे, गवत कापणाऱ्याचे, टेकडीवरील देवस्थानास जाणाऱ्या भाविकाचे नाते त्या भूमीशी आरोहकापेक्षा पुष्कळ जुने असते.

या ठिकाणी वहिवाटीचा प्रश्न उपस्थित होतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे दीर्घ, अखंड व उघड उपभोगाने वाटेसारखा हक्क प्राप्त होतो. त्यासाठी खासगी भूमीवर २० आणि शासकीय भूमीवर ३० वर्षांची मुदत आहे. परंतु असा हक्क उपभोगणाऱ्याच्या स्वतःच्या स्थावर मालमत्तेस जोडलेला असावा लागतो. कलम १८ मधील रूढिजन्य हक्कही विशिष्ट स्थानिक रूढीवर आधारलेला असतो. त्यामुळे डोंगरापलीकडे शेत असलेला शेतकरी वाटेचा हक्क सांगू शकतो. शहरातून आलेला आरोहक पन्नास वर्षे चढत असला तरी सांगू शकत नाही. वन हक्क अधिनियम, २००६ नेही सामूहिक हक्क दिले ते वनांवर अवलंबून असणाऱ्या समाजांनाच. हा भेद उचित आहे. कारण उपजीविका आणि क्रीडा यांची प्रतिष्ठा कायद्यात समान असू शकत नाही. परंतु त्याचा परिणाम असा की, आरोहकाजवळ हक्क म्हणून काहीच उरत नाही, केवळ विनंती उरते.

नकाराचे खरे कारण

अधिकाऱ्याच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. अपघात घडल्यास ‘यास वर कोणी जाऊ दिले?’ हा प्रश्न त्यालाच विचारला जातो. अनुमती लेखी दिली तर तीच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरण्याची भीती असते. तोंडी नकारात असा कोणताही धोका नाही. पावसाळ्यात अपघातांनंतर जिल्हाधिकाऱ्यांकडून काढले जाणारे मनाई आदेश याच चिंतेतून येतात. २०२४ मध्ये लोणावळ्याजवळील भुशी धरणाच्या परिसरातील दुर्घटनेनंतर पुणे जिल्ह्यात असे आदेश निघाले होते. अजिंठ्यासारख्या ठिकाणी आग्या मोहोळाच्या माशांनी पर्यटकांवर हल्ले केल्याच्या घटनाही परिचित आहेत. त्यामुळे ही भीती निराधार म्हणता येत नाही.

राज्य शासनाने साहसी उपक्रमांविषयी २०१४ व २०१८ मध्ये शासननिर्णय काढले आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यांचा मुख्य रोख आयोजकांची नोंदणी, पात्रता आणि सुरक्षितता यांवर आहे. कोणी न्यावे व कसे न्यावे याचा विचार त्यांत प्रामुख्याने झाला. कोठे चढावे या प्रश्नाचा निकाल भूमी ज्या खात्याकडे आहे त्याच्यावरच राहिला.

अन्य देशांतील अनुभव

इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधील किंडर स्काउट येथे २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो पदयात्रींनी खासगी माळरानावर सामूहिक प्रवेश केला व त्यांपैकी काहींना कारावास झाला. त्यानंतर १९४९ आणि २००० च्या कायद्यांनी डोंगर व माळराने यांवर पायी जाण्याचा हक्क टप्प्याटप्प्याने मान्य केला. २००० च्या कायद्यात त्याबरोबरच नैसर्गिक भूरूपांमुळे होणाऱ्या इजेबद्दल भूधारकाचे दायित्व मर्यादित करण्यात आले. हक्क आणि दायित्व यांचा निर्णय एकत्र झाल्याने नकाराचे एक मोठे कारण नाहीसे झाले. शिवाय पक्ष्यांच्या विणीच्या काळात ठरावीक कडे बंद ठेवण्याची पद्धत तेथे रूढ आहे.

अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील ‘डेव्हिल्स टॉवर’ हा खडक अनेक आदिवासी जमातींस पवित्र आहे. १९९५ च्या योजनेनुसार तेथे जून महिन्यात आरोहण स्वेच्छेने टाळावे असे आवाहन करण्यात आले, आणि न्यायालयात आव्हान मिळूनही स्वेच्छेची ही योजना टिकली. उलट नेवाडातील ‘केव्ह रॉक’ येथे वाशो जमातीच्या श्रद्धास्थानावरील आरोहण पूर्णपणे बंद करण्यात आले व २००७ मध्ये अपील न्यायालयाने ती बंदी वैध ठरविली. ऑस्ट्रेलियात उलुरूची चढाई २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे. निष्कर्ष भिन्न असले तरी या सर्व प्रकरणांत एक गोष्ट समान आहे: निर्णय एका विशिष्ट खडकाविषयी, कारणांसह आणि प्रकटपणे घेतला गेला.

उपसंहार

या जिल्ह्यापुरता विचार केल्यास कड्यांचे तीन वर्ग सहज कल्पिता येतात. देवगिरीचा तासलेला कडा आणि लेण्यांचे दर्शनी खडक हे सर्वकाळ निषिद्ध असावेत. पक्ष्यांची घरटी किंवा आग्या मोहोळ असलेले कडे, तसेच पावसाळ्यात निसरडे होणारे खडक, हे ऋतुमानानुसार बंद व खुले करता येतील. उरलेल्या खडकांवर मेखांचा वापर, समूहाची संख्या आणि गावाची संमती यांविषयीच्या अटींवर आरोहणास मुभा देता येईल. यासाठी नवा कायदा अपरिहार्य नाही. वन अधिनियमातील लेखी अनुमतीची आणि वन्य जीव अधिनियमातील परवान्याची तरतूद आजही उपलब्ध आहे. आवश्यकता आहे ती पुरातत्त्व, वन व महसूल या तिन्ही खात्यांस मान्य असलेल्या कडेवार नोंदवहीची.

अशी नोंदवही सिद्ध करण्याचे काम अभ्यासकांचेही आहे. थरांची मजबुती भूविज्ञानाने, घरट्यांच्या जागा व काळ प्राणिविज्ञानाने, भूमीची मालकी व प्रयोजन विधी आणि भूगोल यांच्या अभ्यासकांनी, आणि गावाची वहिवाट समाजशास्त्राने निश्चित करावयाची आहे. ती होईपर्यंत नुकसान दोन्ही बाजूंचे होत राहील. तोंडी नकाराने निराश झालेला तरुण आडबाजूने, देखरेखीविना, कदाचित सर्वांत अयोग्य खडकावर चढतो. आणि ज्या संस्था नियम पाळू इच्छितात त्यांना पाळण्याजोगा लिखित नियमच सापडत नाही.