कोबेतलं बिऱ्हाड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वेरूळला जाणाऱ्या जपानी पर्यटकांच्या गाड्या आमच्या खुलताबादवरूनच पुढे घाट उतरतात. लहानपणापासून आम्ही ते पाहत आलो. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात कॅमेरा, आणि गाइडच्या झेंड्यामागे मुकाट चालणारी रांग. आपल्याकडून तिकडे जाणारी वाट मात्र आता आता रुळू लागली आहे. महर्षी कर्व्यांनी टोकियोतल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचली आणि १९१६ मध्ये इथे महिला विद्यापीठ उभं केलं. पु. लं.च्या 'पूर्वरंग'मधून मराठी घरांनी जपान पाहिला. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, आणि आम्हा कवींना वाटू लागलं की बेडूक, तळं आणि चेरीचा मोहर कळला म्हणजे जपान कळला. ही सगळी पाहुण्याची ओळख. तिथे खोली भाड्याने घेऊन राहायचं तर गॅस सुरू करून द्यायला कंपनीचा माणूस बोलवावा लागतो आणि तो येईल तेव्हा आपण घरात हजर असावं लागतं, हे कुठल्याही हायकूत लिहिलेलं नाही.

माझी भाची कोबे विद्यापीठात शेतीशास्त्र शिकायला गेली ती २०१६ च्या ऑक्टोबरात. आधी सहा महिने संशोधक विद्यार्थिनी म्हणून, मग दोन वर्षं एम.एस्सी. तिच्या फोनवरच्या हकिकती आणि नंतर तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींचे माझ्याकडे येणारे प्रश्न, यांतून जे जमलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट भाषेची. जपानी अवघड आहे असं सगळे म्हणतात, आणि लिपीच्या बाबतीत ते खरंच आहे. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरलिप्या, शिवाय नित्य वापरातली म्हणून सरकारने ठरवलेली २,१३६ चित्राक्षरं. पण वाक्याची ठेवण आपल्या घरातली आहे. 'वाताशी वा गाक्को नी इकिमासु' म्हणजे 'मी शाळेत जातो.' 'गाक्को' ही शाळा आणि 'नी' हा तिचा 'त'. क्रियापद शेवटी. इंग्रजी शिकताना आपण जी उलटापालट करतो ती इथे करावी लागत नाही. एवढंच नव्हे, त्यांची अक्षरमाला आ, ई, उ, ए, ओ अशी सुरू होते आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशी चालते. बौद्ध भिक्षूंनी मंत्रांसाठी जी संस्कृतची सिद्धम् लिपी अभ्यासली, तिच्या वर्णक्रमाची ही छाया. अजिंठ्याच्या जिल्ह्यातल्या माणसाला याचं अप्रूप वाटायलाच हवं. अडचण येते ती उच्चारांची. जपानीत 'ल' नाही आणि अक्षर शक्यतो स्वरावर संपतं. त्यामुळे आमचं खुलताबाद तिथल्या कागदावर 'कुरुताबादो' झालं.

पहिले पंधरा दिवस कागदांचे. मोठ्या विमानतळावर उतरताच हातात रहिवासी कार्ड मिळतं. राहण्याची जागा ठरली की चौदा दिवसांच्या आत आपल्या भागाच्या वॉर्ड कार्यालयात जाऊन त्यावर पत्ता नोंदवायचा. तिथेच राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालायचं. मग दवाखान्यात बिलाचे तीस टक्केच आपण द्यायचे. विद्यार्थ्याची तिथे आधीची कमाई नसल्याने हप्ताही हलका बसतो. वय वीसच्या वर असेल तर पेन्शन योजनेतही नाव घालावं लागतं. विद्यार्थ्यांना हप्ता पुढे ढकलण्याचा अर्ज करता येतो, पण तो आपणहून करावा लागतो. बँका नव्या माणसाचं खातं उघडताना पहिले सहा महिने का-कू करतात. त्या मानाने पोस्टाची बँक सोयीची. बरीच विद्यापीठं सुरुवातीच्या महिन्यांत मदतीला एक जपानी विद्यार्थी नेमून देतात. त्याला संकोचून बाजूला ठेवू नये. आपल्या मुलांना 'उगाच कशाला त्रास' असं वाटतं, आणि तिथल्या मुलाला वाटतं की याला गरज नसावी.

विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली तरी बहुधा सहा महिने किंवा वर्षभरासाठी. मग भाड्याची खोली. तिथे डिपॉझिट असतं ते आपल्यासारखंच. त्याखेरीज बऱ्याच ठिकाणी 'रेइकिन' नावाची रक्कम घरमालकाला द्यावी लागते. ती परत मिळत नाही. मुंबईची पागडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना फार समजावून सांगायला नको, फक्त इथे ती कागदावर लिहिलेली असते. जामीनदार लागतो. कुठे विद्यापीठ मदत करतं, कुठे पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या आहेत. खोली मिळते ती अगदी मोकळी. पुष्कळदा छताला दिवासुद्धा नसतो.

आणि मग येतो कचरा. हसू नका, परदेशी विद्यार्थ्याचं तिथे पटणार की नाही हे कचऱ्यावर ठरतं. कोबेत महापालिकेने ठरवून दिलेल्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात. जळणारा कचरा एका पिशवीत, प्लॅस्टिकची वेष्टनं दुसरीत, डबे-बाटल्या तिसरीत, न जळणारा चौथीत. प्रत्येकाचा वार वेगळा, आणि सकाळी आठच्या आत नेमल्या जागी ठेवून वर कावळ्यांसाठीची जाळी ओढायची. चुकलं तर कोणी ओरडत नाही. गाडी बाकीचा कचरा उचलते आणि आपली पिशवी एक चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवते. भाचीची पिशवी अशी दोनदा मागे राहिली. ती म्हणाली, "मामू, कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं."

मला हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. खुलताबादेत दारातून बाहेर पाऊल टाकलं की 'कुठं निघाली बेटा?' असं चार जण विचारतात. त्या विचारण्याचा जाच होतो, पण आपण कुठे चुकलो हेही त्यातूनच कळतं. तिथे शेजारी विचारत नाही. त्याला जे सांगायचं आहे ते जिन्यातल्या सूचनाफलकावर, पत्रपेटीतल्या चिठ्ठीवर, पिशवीवरच्या कागदावर आधीच लिहून ठेवलेलं असतं. आपण त्याला थंडपणा म्हणतो. माझ्या मते ती त्यांची बोलण्याची तऱ्हा आहे. ज्या मुलांना या चिठ्ठ्या वाचता येऊ लागतात, त्यांचं बिऱ्हाड बसतं. इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम घेऊन, जपानी न शिकता दोन वर्षं काढता येतात, नाही असं नाही. पण मग प्रयोगशाळा आणि खोली या दोन भिंतींमध्येच ती जातात, आणि अशी मुलं एकटी पडलेली मी ऐकली आहेत.

आता खाण्याचं. शाकाहारी माणसाची पंचाईत अशी की भाजीच्या सुपातही सुक्या माशाचा अर्क असतो. आमची पंचाईत वेगळी. डुकराचं 'बुता' आणि दारूचं 'साके' ही दोन चित्राक्षरं भाची विमानात बसायच्या आधीच पाठ करून गेली होती. तिथे गेल्यावर यादी वाढली. 'मिरिन' ही स्वयंपाकातली गोड दारू, जिलेटिन, बिस्किटातलं शॉर्टनिंग. पाकिटामागची यादी वाचता वाचता तिचं वाचन सुधारलं हा त्यातला फायदा. जपानी माणसं जेवणाआधी हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात, म्हणजे 'हे मी नम्रपणे स्वीकारते.' ती त्याआधी 'बिस्मिल्लाह' म्हणायची. दोन्हींमध्ये तिला काही भांडण दिसलं नाही.

कोबे हे या बाबतीत भाग्याचं शहर. जुनं बंदर. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तिथले बरेच भारतीय व्यापारी कोबेला आले. तिथे जैन मंदिर आहे, गुरुद्वारा आहे, आणि भारतीय, तातार व तुर्की व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून १९३५ मध्ये उघडलेली मशीद आहे. ती १९४५ च्या बॉम्बवर्षावातून वाचली आणि १९९५ च्या भूकंपातूनही. तिच्या आसपास हलाल मांस आणि मसूर-हळद-मिरचीची दुकानं आहेत. रमजानमध्ये तिथे इफ्तारला वीस देशांची माणसं बसतात, असं भाची सांगायची. २०१७ चा रमजान जूनच्या आगेमागे आला. खुलताबादपेक्षा तिथला रोजा दीड तासाने लांब, आणि सेहरीला उठवणारं कुणी नाही. मोबाइलचा गजर, बस्स.

कामाचाही नियम ठाऊक असावा. परवानगी घेऊन विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तास काम करता येतं. लांब सुट्टीत दिवसाला आठ तास. दोन ठिकाणी काम केलं तर तास एकत्र मोजतात, आणि मर्यादा ओलांडली तर व्हिसाच्या नूतनीकरणात ते बाहेर येतं. भाचीला दोन दुकानांत डोक्यावरचा रुमाल काढाल का, असं अतिशय अदबीने विचारलं. तिने तितक्याच अदबीने नाही म्हटलं. शेवटी जेवणाचे डबे भरणाऱ्या एका कारखान्यात भाजी चिरण्याचं काम मिळालं. तिथे सगळ्यांचंच डोकं टोपीने झाकलेलं!

मराठवाड्याच्या माणसाला भूकंप सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचं किल्लारी आपल्या डोळ्यांपुढे आहे. कोबेला तो १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे पाच वाजून ४६ मिनिटांनी झाला आणि त्या आपत्तीत सहा हजार चारशेहून अधिक माणसं गेली. दर वर्षी त्याच मिनिटाला शहरातल्या एका बागेत दिवे लावून लोक उभे राहतात. भाची गेली होती. नुसतं स्मरण करून ते थांबत नाहीत. आपल्या वस्तीसाठी आसऱ्याची जागा कोणती, बहुधा जवळची शाळा, हे प्रत्येकाने माहीत करून घ्यायचं, आणि पाणी, बॅटरी, कोरडं खाणं यांची पिशवी दाराजवळ ठेवायची. १८ जून २०१८ ला सकाळी आठच्या सुमारास ओसाकाच्या उत्तर भागात भूकंप झाला, कोबेही हललं, गाड्या थांबल्या. आम्हाला बातमी कळायच्या आत तिचा निरोप आला होता : 'ठीक आहे, पिशवी जवळ आहे.'

एक गोष्ट घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, ती बोलतो. ती जायला निघाली तेव्हा आपाने, म्हणजे माझ्या बहिणीने, खाण्यापिण्याचं विचारलं नाही. तिने विचारलं, "काही बरंवाईट झालं तर तिथं मिट्टी कुठं देतात?" आमचं गाव दर्ग्यांचं आणि कबरींचं. बादशहापासून फकिरापर्यंत सगळे इथल्या मातीत आहेत. तिथे नव्याण्णव टक्क्यांहून अधिक मृतांचं दहन होतं आणि मुसलमानांना दफनासाठी मोजक्याच जागा आहेत. ओइता प्रांतातल्या हिजी या गावी अशी जागा करण्याचा बेत बरीच वर्षं वादात राहिला, आणि २०२४ मध्ये विरोध करणारा उमेदवार तिथला महापौर झाला. दोन-अडीच वर्षांसाठी जाणाऱ्याने याचा फार धसका घेऊ नये. मृतदेह मायदेशी पाठवण्याचा खर्च ज्यात धरलेला असतो असा प्रवास-विमा मिळतो, तो घ्यावा. पण तिथेच घर करायचा विचार असेल तर हा प्रश्न समोर येतोच, तो आईला विचारू द्यावा.

घर करणारे आहेतच. कल्याण-अंबरनाथकडचे योगेंद्र पुराणिक नव्वदच्या दशकात विद्यार्थी म्हणून जपानला गेले, पुढे २०१२ मध्ये तिथले नागरिक झाले आणि २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा भागाच्या सभेवर निवडून आले. त्यांनी भाषेचा पाया पुण्यातच घातला होता. जपानी भाषेच्या परीक्षा भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होतात. निदान खालच्या दोन पायऱ्या इथेच चढून गेलेलं बरं. तिथलं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, काही प्रवेश ऑक्टोबरात.

मार्च हा निरोपाचा महिना. मोठं सामान टाकायचं तर फोन करून वेळ घ्यावी लागते आणि पैसे भरून चिकटपट्टी लावावी लागते, म्हणून जाणारी मुलं येणाऱ्यांना वस्तू देऊन टाकतात. २०१९ च्या मार्चमध्ये भाचीने सायकल एका इंडोनेशियन मुलीला दिली, तिच्या नोंदणीचा कागद बदलून. कुकर गेला एका बांगलादेशी जोडप्याकडे. फ्रिज घ्यायला जो नेपाळी मुलगा आला त्याने दारावर चिकटवलेला कचऱ्याचा तक्ता काढायला घेतला, तेव्हा तिने त्याला थांबवलं आणि तो तसाच ठेवायला लावला.