मागांच्या गावात कोणती संगणकभाषा शिकवावी?

भिवंडीतील विद्यार्थ्याला माग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. यंत्रमागांचा खडखडाट ऐकतच तो मोठा होतो. तरीही ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे काय, हे तो व्याख्या घोकून शिकतो. वास्तविक या पद्धतीचा उगमच प्रत्यक्ष व्यवहारांची संगणकावर नक्कल करण्याच्या खटाटोपात आहे. १९६० च्या दशकात नॉर्वेत दाल आणि न्यूगार्ड यांनी ‘सिम्युला’ रचली ती त्यासाठीच. यंत्रमागाचा कारखाना हा तर तिचा तयार धडाच म्हणावा लागेल!

मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीच्या २०१६ च्या अभ्यासक्रमात हा विषय दुसऱ्या सत्रात सी प्लस प्लसमधून होता. पायथन तिसऱ्या सत्रात आणि जावा चौथ्या. पहिल्या सत्रात सी शिकवलेली असल्याने हा क्रम सोयीचा दिसतो. परंतु सोय कोणाची?

साधा माग हा मूळ क्लास आणि जॅकार्ड माग हा त्याचा वारस समजा. दोघांनाही ‘विण’ अशी एकच आज्ञा द्यायची. प्रत्येकाने ती आपापल्या रीतीने पाळायची. या विषयाचे मर्म हेच. सी प्लस प्लसमध्ये साध्या मागाच्या पॉइंटरमधून जॅकार्डला आज्ञा दिली आणि मूळ फंक्शनपुढे ‘व्हर्च्युअल’ हा शब्द राहून गेला, तर जॅकार्ड माग साध्यासारखा विणू लागतो. संगणक चूकही दाखवीत नाही. नवशिक्या विद्यार्थ्याला वाटते, आपल्यालाच विषय कळला नाही.

पायथन याहून सोपी, म्हणून तिची शिफारस होते. मात्र तेथे मागाने विणलेल्या मीटरांचा आकडा बाहेरून कोणीही बदलावा. नावाआधीची अधोरेषा हा केवळ संकेत. हिशेबाच्या वहीत असे चालेल काय? जावा ‘प्रायव्हेट’ म्हणून तो आकडा खरोखर कुलूपबंद करते, आणि जॅकार्ड माग न सांगता जॅकार्डसारखाच वागतो. एक ओळ छापण्यासाठी ती पाच ओळींचा सोपस्कार मागत असे, हा आक्षेप रास्त होता. २०२५ मधील जावा २५ ने तोही सैल केला.

तेव्हा दुसऱ्या सत्रात जावा यावी आणि सी प्लस प्लस पुढे न्यावी. प्रात्यक्षिक परीक्षेत व्याख्या न विचारता चार मागांचा कारखाना चालवून दाखवायला सांगावे: दोन साधे, दोन जॅकार्ड, आणि एकाचा ताणा मध्येच तुटलेला.