मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका

"अजून पिकला नाही, पिकला की काढू." मोतीबिंदूबद्दलचं हे वाक्य जबलपूरच्या मराठी घरांत इतक्या वेळा कानावर पडतं की आता ते ऐकून गप्प राहणं जड जातं. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं: "आत्ता उन्हाळा आहे, थंडीत बघू." थंडी आली की नर्मदेच्या तिलवारा घाटावरचं संक्रांतीचं स्नान आणि मेळा, मग नातवंडांच्या परीक्षा, की पुन्हा उन्हाळा. अशी दोन-तीन वर्षं सहज निघून जातात. तोवर ज्या आजींसाठी हे सगळं थांबलेलं असतं, त्या घाटाच्या पायऱ्या पायाने चाचपत उतरतात आणि घरी गॅसची ज्योत हात जवळ नेऊन ओळखतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि देवजी नेत्रालय ही दोन्ही ठिकाणं तिलवाऱ्याच्याच बाजूला आहेत. उपचार दूर नाही, पैशाअभावी अडलेल्यांसाठी सरकारी सोयही आहे. आड येतो तो हा समज.

एके काळी तो समज नव्हता, वैद्यकीय सल्लाच होता. म्हणून तो कुठून आला हे आधी पाहू.

डोळ्यातलं भिंग पाणी आणि प्रथिनांचं बनलेलं असतं. वयानुसार ही प्रथिनं गोठू लागतात आणि अंड्यातला पारदर्शक भाग उकळल्यावर पांढरा व्हावा तसं भिंग अपारदर्शक होतं. जाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यविशारदाने १७४७ साली भिंगाचं आवरण उघडून आतला भाग बाहेर काढण्याची पद्धत आणली. त्या पद्धतीत मोतीबिंदू कच्चा असला तर भिंगाचा मऊ, चिकट भाग आतच राहून जाई आणि डोळ्याला दाह होई. पूर्ण पिकलेला मोतीबिंदू मात्र नीट बाहेर येई.

दुसरं कारण चष्म्याचं होतं. काढलेल्या भिंगाच्या जागी बसवायला काहीच नव्हतं, त्यामुळे रुग्णाला साधारण दहा नंबरचा जाड चष्मा लागे. त्यातून वस्तू पाव पटीने मोठ्या दिसत. एका डोळ्याला मोठं आणि दुसऱ्याला नेहमीचं, असं दिसलं तर मेंदूला दोन्ही चित्रं जुळवता येत नाहीत. म्हणून नजर जवळजवळ गेल्याशिवाय डॉक्टर हात लावत नसत, आणि ते बरोबरच होतं.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवली. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू आतल्या आत फोडून शोषून घेण्याची पद्धत, म्हणजे फेको, सुरू केली. आपल्याकडे लेन्स बराच काळ महाग होत्या. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद संस्थेशी निगडित ऑरोलॅबने त्या देशातच बनवायला घेतल्या आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. आज फेकोची चीर सुमारे तीन मिलिमीटरची असते, टाका बहुधा लागत नाही आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. मऊ मोतीबिंदू या पद्धतीला उलट सोपा जातो. सल्ल्याची दोन्ही कारणं संपली, तरी सल्ला घराघरांत उरला आहे.

थंडीचंही तसंच. पूर्वी शिबिरं शाळांत आणि धर्मशाळांत भरत. डोळ्याला पट्टी बांधून रुग्णाला दिवसेंदिवस पडून राहावं लागे. उन्हाळ्यात घाम आणि धूळ, पावसाळ्यात माश्या. शिवाय खरीप हाती आल्यावरच शेतकऱ्याला सवड मिळे. आजचं शस्त्रक्रियागृह मे महिन्यात जितकं निर्जंतुक असतं तितकंच जानेवारीत. ऋतूचा आता काहीही संबंध नाही.

"थांबलं तर बिघडतं काय?" हा प्रश्न हमखास येतो. बरंच बिघडतं. फार पिकलेला मोतीबिंदू कठीण आणि तपकिरी होतो. तो फोडायला जास्त ऊर्जा किंवा मोठी चीर लागते आणि बुबुळाला इजा होण्याची शक्यता वाढते. त्याच्यामागचा पडदा डॉक्टरला दिसत नाही, त्यामुळे मधुमेहाने पडद्याचं नुकसान झालं असलं तर ते लपून राहतं. सर्वांत वाईट म्हणजे कधी कधी भिंग फुगून डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवतं, किंवा त्यातली प्रथिनं पाझरून ती वाट तुंबवतात. डोळ्यातला दाब एकदम चढतो, डोळा लाल होतो, असह्य दुखतो. हा मोतीबिंदूने ओढवलेला काचबिंदू. त्यात दृष्टीची नस मेली तर नंतर कितीही चांगली लेन्स बसवून उपयोग नाही.

अंधुक नजरेने पडणं हा वेगळाच धोका. नॉटिंगहॅममध्ये सत्तरीच्या पुढच्या ३०६ स्त्रियांची पाहणी झाली, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झाली, त्यांचं पडण्याचं प्रमाण थांबलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होतं. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की काय होतं, हे सांगायला नको.

भारताच्या २०१५–१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतल्या ६६.२ टक्के अंधत्वाचं कारण उपचार न केलेला मोतीबिंदू हे निघालं. हे अंधत्व दूर होऊ शकतं, म्हणूनच हा आकडा जास्त खुपतो.

याचा अर्थ मोतीबिंदू दिसला की लगेच काढा, असा नाही. त्याच पाहणीत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतली गुंतागुंत हे ७.२ टक्के अंधत्वाचं कारण होतं. शस्त्रक्रिया कितीही सोपी झाली तरी ती शस्त्रक्रियाच आहे. किंचित मोतीबिंदू असेल, कामं नीट होत असतील, तर डॉक्टरही थांबायला सांगतील. मुख्य निकष हा: वाचणं, शिवणं, रस्ता ओलांडणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं अडतंय का? अडत असेल तर वेळ आली आहे.

डोळ्यांबद्दलचे आणि कानांबद्दलचे बाकीचे समज थोडक्यात.

• थेंबांनी मोतीबिंदू विरघळतो: असा कोणताही थेंब सिद्ध झालेला नाही. मध आणि गुलाबपाणीही नाही.

• काढलेला मोतीबिंदू परत येतो: येत नाही. काहींमध्ये लेन्समागचं आवरण धूसर होतं, ते लेझरने काही मिनिटांत मोकळं करतात.

• डोळे आलेल्याकडे पाहिलं की आपले येतात: नजरेने नाही, हात, टॉवेल आणि उशीतून येतात.

• सतत चष्मा लावला की नंबर वाढतो: मुलांचा नंबर वाढत्या वयात चष्म्याविनाही वाढतो.

• मधुमेह किंवा चष्मा असला की नेत्रदान चालत नाही: चालतं. मृत्यूनंतर लगेच नेत्रपेढीला कळवा, कारण डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात.

• कानातला मळ काडीने काढावा: तो कानाचं रक्षण करतो आणि बहुधा आपोआप बाहेर येतो. काडी त्याला आत ढकलते.

• दुखऱ्या कानात गरम तेल: कानाचा पडदा फाटलेला असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं.

• वाहणारा कान वयानुसार थांबतो: काहींमध्ये तो रोग हाड पोखरत मेंदूपर्यंत जातो. असा कान असलेल्याने पर्वकाळीही नर्मदेत डुबकी घेऊ नये, पाणी अंगावर घ्यावं.

• श्रवणयंत्राने कान आळशी होतात: उलट, ऐकणं बंद पडलं की माणूस बोलणं आणि मिसळणं सोडतो.

• एका कानाने अचानक ऐकू येईना, सर्दी असेल: त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो.

शेवटी पुन्हा "पिकू द्या" म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही ज्याची वाट पाहताय तो मोतीबिंदूच आहे, हे तुम्हाला घरी बसून कळत नाही. अंधुक दिसणं काचबिंदूचं असू शकतं, मधुमेहाने बिघडलेल्या पडद्याचंही असू शकतं. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुतेक वेळा परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही. म्हणून पन्नाशीनंतर दरवर्षी डोळे तपासून घ्या. नंबर तर तपासाच, पण डोळ्यातला दाब आणि मागचा पडदाही पाहायला सांगा, आणि ही तपासणी थंडीपर्यंत लांबवू नका.