रामटेकच्या पायऱ्या चढण्याआधी

गेल्या आठवड्यात एक निवृत्त गृहस्थ सपत्नीक दवाखान्यात आले. मुलगा युरोपात नोकरीला. त्याच्याकडे तीन महिने राहून दोघे नुकतेच हिंगण्याला परतले होते. मुलाच्या गावाजवळ एका टेकडीवर जुनी पवनचक्की आहे, तिच्याभोवती फिरायला छान पायवाटा आहेत. गृहस्थांनी मोबाईलवर फोटो दाखवले. "रोज चढत होतो डॉक्टरसाहेब. आपल्याकडे असं काही नाही ना जी!"

पवनचक्क्या आपल्याकडेही आहेत. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर रांगेने उभ्या आहेत, पण त्या वीज करण्यासाठी आणि अलीकडच्या. दळणासाठी आपल्याला वाऱ्याची गरज पडली नाही, घरोघरी जाते होते. टेकडी, इतिहास आणि चढण एकत्र हवी असेल तर मात्र नागपूरहून ५० कि.मी.वर रामटेक आहे. पाचव्या शतकातील वाकाटकांची नरसिंह मंदिरे, दगडातून कोरलेला प्रचंड वराह आणि एकामागून एक दरवाजे ओलांडत जायचे ते रामाचे मंदिर. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ताम्रपटात रामगिरीचा उल्लेख आहे. म्हणजे ही टेकडी माणसे निदान दीड हजार वर्षे चढत आहेत. हे मी सांगितले, तेव्हा गृहस्थ म्हणाले, "मग या रविवारी जाऊ का? पायऱ्यांनी?"

वय ६६, रक्तदाबाची गोळी सुरू. सवयीने विचारले, तिकडे टेकडी चढताना मध्ये थांबावे लागत होते का? ते म्हणाले, "पहिले दोन महिने नाही. शेवटी शेवटी एका बाकड्यावर बसत होतो. छाती जरा भरून यायची. बसलो की पाच मिनिटांत मोकळं. गॅसच असंल."

वाचकहो, हे 'गॅसच असंल' मी गेली पंचवीस वर्षे ऐकत आलो आहे, आणि एकदा मी स्वतःही ते म्हटले आहे. दवाखाना काढून थोडीच वर्षे झाली होती. एक शिक्षक त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या यात्रेला जाऊन आले. पायऱ्या चढताना छातीवर ओझे ठेवल्यासारखे झाले, बसल्यावर गेले, असे त्यांनी मला सांगितले. आदल्या रात्रीच्या जेवणाचीही हकीकत सांगितली. मी ती ऐकली आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. आठ दिवसांनी पहाटे त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ते वाचले, पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला आणि पुढे त्यांना बाजारातून पिशवी आणणेही जमेना. ते बोल मला लावायला कधी आले नाहीत. तेव्हापासून मी जेवणाच्या आधी चढणीचे विचारतो.

आता हे कसे घडते ते पाहू. सपाटीवर आरामात चालताना शरीराला विश्रांतीच्या सुमारे ३ पट प्राणवायू लागतो. पायऱ्या चढताना तो वेगाप्रमाणे ४ ते ८ पटींपर्यंत जातो, कारण प्रत्येक पावलाला सगळे वजन वर उचलायचे असते. त्यासाठी हृदयाला जोरात काम करावे लागते आणि त्याला स्वतःलाही जास्त रक्त लागते. हृदयाची रक्तवाहिनी आतून अरुंद झाली असेल तर बसल्या जागी रक्त पुरते, चढणीवर पुरत नाही. मग छातीत दडपण येते. ते कधी डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाते. थांबले की मागणी कमी होते आणि दडपण जाते. चढताना येणे आणि थांबल्यावर जाणे ही खूण लक्षात ठेवा. गॅस पायऱ्या मोजत नाही.

येथे दोन फसगती होतात. बसल्या जागी काढलेला ईसीजी अशा माणसात पुष्कळदा अगदी चांगला येतो. 'ईसीजी नॉर्मल आहे' हा दाखला गड चढण्याचा परवाना नव्हे. गरज वाटल्यास डॉक्टर चालत्या पट्ट्यावरची तपासणी किंवा पुढची तपासणी सांगतात. दुसरे म्हणजे, मधुमेहींना आणि बऱ्याच स्त्रियांना छातीत दुखतच नाही. नुसता नेहमीपेक्षा जास्त दम लागतो, घाम फुटतो, मळमळते.

ज्यांना असा कोणताही त्रास नाही त्यांनी अवश्य चढावे, पण एकदम नको. आधी महिनाभर रोज अर्धा तास सपाटीवर चाला, मग थोड्या पायऱ्या. झिल्पी तलावाकडे फिरायला जा. तेही जमत नसेल तर मेट्रोच्या लोकमान्यनगर स्टेशनचा जिना आहे. सरकता जिना सोडून तो चढला तर कोणी तिकीट मागत नाही. गडावर वेग किती ठेवावा? चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की थांबा. नाडी मोजत बसू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी वाढतच नाही आणि माणूस फसतो.

आपल्या भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चढायचे दिवस. एप्रिल-मे महिन्यांत जायचेच असेल तर उजाडताना वर पोचावे आणि ऊन तापायच्या आत खाली यावे. पाणी जवळ हवे. खाण्याची पिशवी मात्र वानरांना दिसू देऊ नका. चावा किंवा ओरखडा बसलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा. हळद-चुना भरू नका.

दर्शन होईपर्यंत उपाशी राहण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने ती पाळू नये. औषध घेऊन उपाशी चढले की साखर उतरते, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. खिशात साखर ठेवा, तीन-चार चमचे लगेच खा आणि १५ मिनिटे बसून राहा.

छातीतले दडपण बसूनही १० मिनिटांत गेले नाही तर १०८ ला फोन करावा. ॲस्पिरिन वर्ज्य नसेल तर ३०० मि.ग्रॅ.ची गोळी चावून खावी. रुग्णाला चालवत खाली आणू नये.

त्या गृहस्थांना मी त्याच दिवशी नागपूरला हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवले. नव्याने सुरू झालेले असे दुखणे रविवारपर्यंत थांबत नाही. मुलाला कळवू नका म्हणत होते. मी म्हटले, कळवा.

बाई एवढा वेळ गप्प होत्या. त्यांचे गुडघे दुखतात. चढताना दम लागतो, पण गुडघे खरे बोलतात ते उतरताना. तेव्हा गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तीन-साडेतीन पट भार येतो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. त्यांना मी सांगितले की वरपर्यंत गाडीचा रस्ता आहे, जाताना चार पायऱ्या चढल्या तरी येताना गाडीनेच उतरा. "आधी यांचा रिपोर्ट येऊ द्या," त्या म्हणाल्या, "मग पाहू."