माती ऐकेना तेव्हा

गोव्यातल्या पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा. रत्नागिरीजवळचा करबुडेचा बोगदा त्याच्या चौपटीहून लांब, साडेसहा किलोमीटरचा. तरी कोकण रेल्वेला अखेरपर्यंत अडवून धरलं ते पेडण्याने. करबुड्याला कातळ होता. कातळ कठीण असला तरी शब्दाचा पक्का असतो: भोकं पाडा, सुरुंग लावा, दगड उपसा, उद्या पुन्हा तेच. पेडण्यात होती पाण्याने गच्च भरलेली चिकणमाती. खणावं तर भिंती आत यायच्या, पाणी घुसायचं आणि खणलेलं सगळं पुन्हा बुजायचं.

अशा मऊ मातीतले बोगदे या मार्गावर नऊ होते. त्यांच्यासाठी जगात कुठेच तयार तंत्र सापडेना. शेवटी हाताने, वितीवितीने खणत जावं लागलं. एकट्या या नऊ बोगद्यांत १९ माणसं गेली. या रेल्वेचं कौतुक करताना हा आकडा गाळता कामा नये.

उद्याच्या कामाचा अंदाजच बांधता येत नाही, तेव्हा हजारो माणसांना कामावर कसं टिकवून धरायचं? १९९० मध्ये रेल्वेतून निवृत्त होऊन लगेच कोकण रेल्वे महामंडळाची धुरा घेतलेल्या ई. श्रीधरन यांनी काढलेलं उत्तर आजही मला थक्क करतं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, ९१ बोगदे, सुमारे दोन हजार पूल. एवढ्या पसाऱ्यात नेता सहसा सगळे निर्णय आपल्या मुठीत घेतो, कारण अनिश्चितता वाढली की माणूस मूठ आवळतो. श्रीधरन यांनी मूठ उघडली. मार्गाचे सुमारे शंभर-शंभर किलोमीटरचे सात भाग पाडले आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमून त्याला निर्णयाचे अधिकार दिले. दरड कोसळली, पाणी लागलं, तर फाइल मुख्यालयात जाऊन परत येईपर्यंत थांबायचं नाही. ज्याच्या बुटांना चिखल लागलाय, त्यानेच ठरवायचं.

एक गोष्ट मात्र त्यांनी सैल सोडली नाही: तारीख. कार्यालयांत उलटी घड्याळं लागली, काम पुरं व्हायला किती दिवस उरले ते दाखवणारी. तारीख पक्की, रीत मोकळी. मला वाटतं, खरी किमया या जोडीत आहे. दोन्ही पक्क्या केल्या असत्या तर पेडण्याच्या पहिल्या पडझडीतच माणसं खचली असती; दोन्ही मोकळ्या सोडल्या असत्या तर पिढ्यानपिढ्या रेल्वेची वाट पाहणाऱ्या कोकणाला आणखी एक पिढी थांबावं लागलं असतं.

अर्थात तारीखही हलली. पाच वर्षांचं काम सातवर गेलं. मातीच्या जोडीला माणसांचेही प्रश्न होते: गोव्यात मार्ग बदलण्याची मागणी पेटली आणि १९९३ मध्ये तिथलं काम काही काळ थांबलं. पण उरलेल्या भागांतली कामं चालूच राहिली, कारण ती गोव्याच्या निकालावर टांगलेली नव्हती. सात भाग पाडण्याचा हाही एक फायदा. अखेर जानेवारी १९९८ मध्ये पेडण्याचा बोगदा पुरा झाला आणि त्याच महिन्यात सगळा मार्ग खुला झाला.

त्यानंतर माती शांत झाली, असं मात्र नाही. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ दरडीच्या दगडांनी गाड्या घसरल्या, माणसं दगावली. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्याच बोगद्यात जमिनीतून पाणी उसळलं आणि गाड्या थांबवाव्या लागल्या. म्हणून कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं असतं. मोठ्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं असतात, धोक्याच्या जागी रात्रंदिवस गस्त असते, गाड्यांचा वेग मुळातच कमी धरलेला असतो. आणि धो-धो पावसात समोरचं दिसेनासं झालं, तर लोको पायलटने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा असा नियम आहे. दिसतंय की नाही, हे तिथे इंजिनात बसलेला माणूस ठरवतो.