भिंतीतील ठोके आणि सामायिक खर्च

वाडे पाडून उभ्या राहिलेल्या कोल्हापुरातील अनेक इमारतींत पहाटे पाण्याचा पंप बंद होताच भिंतीतून ठोके ऐकू येतात. वर चढणारे पाणी एकाएकी थांबून मागे फिरते, एकमार्गी झडप धाडकन मिटते आणि सैल पट्ट्यांतील नळ भिंतीवर आपटतो. पट्ट्या आवळणे, झडप बदलणे एवढ्याने बहुधा भागते. परंतु ते करावयाचे कोणी? झोप मोडते तळमजल्याची, वर्गणी मात्र सर्वांची. म्हणून सर्वांत स्वस्त कंत्राटदार बोलावला जातो. तो उचल घेतो व दिसेनासा होतो. त्याला दोष देणे सोपे आहे. काम तपासून टप्प्याटप्प्याने पैसे देण्याची अट मात्र क्वचितच घातली जाते!

कायदा अगदीच मुका नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताब्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेला बांधकामातील दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. जुन्या इमारतींना हा आधार नाही. तेथे उरतो तो सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतील दुरुस्ती निधी, बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के, आणि वार्षिक सभेत पहिली कात्री बहुधा त्यालाच लागते.