फ्रिट्झ लायबर: नटाचा मुलगा, लांकमारचा जनक

डन्जन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांनो, लेखक लायबरचं घराणं माहीत आहे? वडील शेक्सपियरच्या नाटकांतले नावाजलेले नट. 1917 च्या मूक ‘क्लिओपात्रा’त सीझर तेच! मुलगाही ‘फ्रान्सिस लॅथ्रॉप’ या नावाने त्यांच्या नाटक मंडळीत फिरला. ऑगस्ट 1939 मध्ये ‘अननोन’ या पल्प मासिकात त्याच्या जोडगोळीची पहिली कथा आली: धिप्पाड फाफर्ड आणि बुटका, चलाख ग्रे माउसर. (ही जोडी मुळात मित्र हॅरी फिशरला सुचलेली, तीही पत्रातून.) लायबर आणि फिशर दोघांनी 1937 मध्ये या जोडीच्या काल्पनिक नगराचा, लांकमारचा, पटावरचा खेळ रचला; डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या टीएसआरने तो छापला थेट 1976 मध्ये! या जोडीच्या कथांतल्या खटकेबाज संवादांत मला तरी रंगमंचच ऐकू येतो. सुरुवात ‘इल मेट इन लांकमार’ या कथेपासून करा, तिला ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही मिळालेत.